उद्योगांचे परदेशगमन आणि करव्यवस्था : पोर्तो रिकोच्या अनुभवाचे विवेचन

१. प्रश्नाचे स्वरूप

१९४८ च्या सप्टेंबर महिन्यात अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील न्यू हॅम्पशर राज्यात, नॅशुआ या गावी, टेक्स्ट्रॉन कंपनीने आपल्या कापडगिरण्या बंद करण्याचे जाहीर केले. गावातील हजारो कुटुंबांचा चरितार्थ या गिरण्यांवर चालत असे. त्याच सुमारास हीच कंपनी कॅरिबियन समुद्रातील पोर्तो रिको बेटावर, पोन्से येथे, नवी गिरणी उभारण्याच्या उद्योगास लागली होती. बेटाच्या सरकारने नव्या कारखान्यांना करमाफी देऊ केली होती आणि तेथील मजुरीचे दरही मुख्य भूमीवरील दरांहून पुष्कळच कमी होते. या प्रकरणाची अमेरिकेच्या सिनेटमध्ये चौकशी झाली व ती सिनेटर चार्ल्स टोबी यांनी चालविली. कारखाना जातो तो मजुरीमुळे की करामुळे, हा प्रश्न त्या चौकशीच्या मुळाशी होता.

त्यानंतरच्या पाऊणशे वर्षांत हा प्रश्न अमेरिकेच्या राजकारणातून कधीच दूर झाला नाही. १९७९ साली त्या देशातील कारखानदारीत सुमारे १ कोटी ९५ लाख लोक काम करीत होते. २००० साली ही संख्या १ कोटी ७३ लाख होती, आणि २०१० पर्यंत ती १ कोटी १५ लाखांच्या आसपास येऊन ठेपली. या घटीस यंत्रांची वाढती उत्पादकता, आयातीची स्पर्धा व मागणीतील बदल अशी अनेक कारणे आहेत. परंतु सार्वजनिक चर्चेत मात्र ‘करकायदाच कारखान्यांना देशाबाहेर लोटतो’ हे एकच कारण वारंवार पुढे करण्यात येते. कामगार संघटना परदेशी नफ्यावरील सवलतींकडे बोट दाखवितात, तर उद्योजक स्वदेशातील कराच्या चढ्या दराकडे. दोन्ही पक्ष करालाच मुख्य कारण मानतात, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

प्रस्तुत लेखात या समजुतीची छाननी करावयाची आहे. कंपनीचे ‘परदेशगमन’ या एका शब्दाखाली दोन निरनिराळ्या घटना एकत्र केल्या जातात : एक कामाचे स्थलांतर आणि दुसरी नफ्याचे स्थलांतर. या दोहोंची कारणे भिन्न आहेत आणि कराचा प्रभाव दोहोंवर सारखा नाही. हा भेद ध्यानी न घेतल्यामुळे करविषयक धोरणात कोणत्या चुका झाल्या, हे पोर्तो रिकोच्या अनुभवावरून विशेष स्पष्टपणे दिसते.

२. कारखाना का हलतो

उत्पादनाचे स्थान ठरविताना कारखानदारास मजुरी, कच्चा माल, वाहतूक, बाजारपेठ, जकात, कुशल कामगारांची उपलब्धता, राजकीय स्थैर्य आणि कर या सर्वांचा एकत्रित हिशेब करावा लागतो. यांपैकी कोणता घटक निर्णायक ठरेल हे उद्योगाच्या स्वरूपावर अवलंबून असते.

परदेशी जाणाऱ्या कारखान्यांचे स्थूलमानाने दोन वर्ग पडतात. पहिल्या वर्गातील कारखाना परक्या बाजारपेठेत माल विकण्यासाठी तेथे जातो. १९५७ च्या रोम करारानंतर युरोपीय आर्थिक समुदायाभोवती समान जकातीची भिंत उभी राहिली, तेव्हा अनेक अमेरिकी कंपन्यांनी त्या भिंतीच्या आत कारखाने काढले. त्यांचा माल तेथेच खपत असे. असा कारखाना काढला नसता, तर ते काम अमेरिकेत राहिलेच असते असे म्हणता येत नाही; बहुधा ती बाजारपेठच हातची गेली असती. दुसऱ्या वर्गातील कारखाना स्वस्तात माल तयार करून तो पुन्हा स्वदेशात आणण्यासाठी बाहेर जातो. नॅशुआसारख्या गावांना झळ बसते ती या दुसऱ्या वर्गामुळे.

दुसऱ्या वर्गाची वाढ का झाली याचे एक स्पष्टीकरण रेमंड व्हर्नन यांनी १९६६ साली मांडले. नवी वस्तू प्रथम सधन देशात तयार होते. कारण तेथे तिला गिऱ्हाईक असते, आणि उत्पादनाची पद्धती अजून पक्की झालेली नसल्यामुळे अभियंते, पुरवठादार व ग्राहक जवळ असणे आवश्यक असते. पुढे पद्धती ठरीव होते, कामाचे लहान लहान व सारखेच तुकडे पाडता येतात, आणि मग मजुरीचा खर्च हाच स्पर्धेचा मुख्य मुद्दा बनतो. अशा अवस्थेस पोहोचलेले उत्पादन स्वस्त मजुरीच्या देशाकडे सरकते. १९५६ नंतर मालवाहू पेट्यांच्या वाहतुकीचा प्रसार झाला व सागरी मालवाहतूक स्वस्त झाली. त्यामुळे या प्रवृत्तीस मोठीच गती मिळाली.

येथवरच्या स्पष्टीकरणात कराचा उल्लेख नाही. कर शून्य असता तरीही मजुरीतील दहापट अंतरामुळे शिवणकाम, पादत्राणे व विजेच्या उपकरणांची जुळणी हे उद्योग हललेच असते. किंबहुना न्यू इंग्लंडमधील कापडगिरण्या परदेशाआधी स्वदेशातीलच दक्षिणेकडील राज्यांत गेल्या होत्या, आणि संघराज्याचा निगमकर तर दोन्हीकडे सारखाच होता.

३. कर कोठे लागू पडतो

मग कराचा संबंध येतो कोठे? अमेरिकी कायद्याची तीन वैशिष्ट्ये येथे समजून घेतली पाहिजेत.

पहिले म्हणजे दरांतील अंतर. अमेरिकेचा निगमकर १९९३ ते २०१७ या काळात ३५ टक्के होता. आयर्लंडमध्ये २००३ पासून तो व्यापारी नफ्यावर १२.५ टक्के आहे. परदेशात भरलेल्या कराची वजावट अमेरिकेतील करातून मिळण्याची सोय १९१८ पासूनच होती. त्यामुळे, तत्त्वतः पाहता, अमेरिकी कंपनीस उरलेले २२.५ टक्के स्वदेशात भरावे लागत आणि परदेशातील कमी दराचा लाभ तिला उरत नसे.

परंतु येथेच दुसरे वैशिष्ट्य येते, ते म्हणजे करस्थगिती. परदेशातील उपकंपनी ही कायद्याच्या दृष्टीने स्वतंत्र व्यक्ती. तिचा नफा लाभांशाच्या रूपाने मूळ कंपनीकडे येईपर्यंत त्यावर अमेरिकेचा कर लागत नसे. समजा, १०० डॉलर नफ्यावरील २२.५ डॉलरचा उरलेला कर दहा वर्षांनी भरावयाचा आहे आणि व्याजाचा दर ७ टक्के आहे. या कराचे आजचे मूल्य ११.४ डॉलर होते. म्हणजे केवळ विलंबाने निम्म्याजवळ कर माफ होतो. नफा कायमचाच बाहेर ठेवला, तर कर जवळजवळ लागतच नाही. राष्ट्राध्यक्ष केनेडी यांनी एप्रिल १९६१ मध्ये, विकसित देशांतील उपकंपन्यांच्या बाबतीत ही सवलत रद्द करावी अशी सूचना काँग्रेसकडे केली. १९६२ च्या कायद्यात ती फारच सौम्य रूपाने उतरली : व्याज, लाभांश यांसारखे निष्क्रिय उत्पन्न आणि करमुक्त आश्रयस्थानांतून फिरविलेला काही नफा एवढ्यापुरतीच स्थगिती काढण्यात आली. प्रत्यक्ष कारखान्याचा नफा तिच्या संरक्षणाखालीच राहिला.

तिसरे वैशिष्ट्य म्हणजे अंतर्गत किंमत. मूळ कंपनी व उपकंपनी यांच्यातील व्यवहाराची किंमत बाजारात ठरत नाही. ती हिशेबाच्या वह्यांत ठरते. कायद्याची अपेक्षा अशी की, ही किंमत परक्या दोन पक्षांमध्ये ठरली असती तितकीच असावी. कापडाच्या गाठीच्या बाबतीत हे पडताळून पाहता येते. पण एखाद्या औषधाच्या एकस्वाची म्हणजे पेटंटची किंमत काय? त्याच्याशी तुलना करण्याजोगा दुसरा व्यवहारच नसतो. ते एकस्व कमी कराच्या देशातील उपकंपनीच्या नावे केले की, त्यापासूनचा नफाही तिच्याच खाती जमा होतो. शोध लावणारे संशोधक मात्र न्यू जर्सीतच काम करीत असतात.

४. दोन कारखान्यांचे उदाहरण

या घटकांचे सापेक्ष महत्त्व समजण्यासाठी दोन काल्पनिक कारखाने घेऊ. दोहोंची वार्षिक विक्री १००० डॉलर आहे; स्वदेशात कराचा दर ३५ टक्के आणि परदेशात १२.५ टक्के आहे. परदेशातील मजुरी स्वदेशाच्या एकपंचमांश आहे.

पहिला कारखाना कपड्यांचा. त्याची मजुरी ३००, इतर खर्च ६०० व नफा १००. कर जाऊन स्वदेशात ६५ उरतात. परदेशी गेल्यास मजुरीत २४० वाचतात. वाहतूक, देखरेख इत्यादींचा जादा खर्च ८० धरला तर नफा २६० होतो. परदेशातील कर स्वदेशाइतकाच, म्हणजे ३५ टक्के असता, तरीही हाती १६९ उरले असते. दर १२.५ टक्के असल्यास २२७.५ उरतात. म्हणजे एकूण लाभापैकी १०४ मजुरीमुळे व ५८.५ करामुळे. करसवलत नसली तरी हा कारखाना जाईलच.

दुसरा कारखाना औषधांचा. त्याची मजुरी ५०, इतर खर्च १५० व नफा ८००. स्वदेशात करोत्तर नफा ५२०. परदेशात मजुरीचे ४० वाचतात आणि जादा खर्च २० येतो. नफा ८२० होतो. कर तोच राहिल्यास हाती ५३३ उरतात, म्हणजे लाभ अवघा १३. दर १२.५ टक्के झाल्यास मात्र ७१७.५ उरतात, म्हणजे करामुळे होणारा लाभ १८४.५. येथे करसवलत काढून घेतली, तर जाण्याचे कारणच नाहीसे होते.

या गणितातून निघणारा नियम असा : ज्या उद्योगात नोकऱ्या पुष्कळ व नफा बेताचा, त्याला मजुरी ओढते, ज्यात नफा पुष्कळ व नोकऱ्या थोड्या, त्याला कर ओढतो. कर सर्वांत प्रबळ ठरतो तो नेमका तेथे, जेथे हलण्याजोग्या नोकऱ्या सर्वांत कमी असतात.

५. पोर्तो रिकोचा अनुभव

हा नियम अनुभवाशी कितपत जुळतो? सामान्यतः दोन देशांची तुलना करताना चलन, जकात, कायदे व राजकीय जोखीम असे सर्वच घटक एकदम बदलतात आणि कराचा परिणाम वेगळा काढता येत नाही. पोर्तो रिकोच्या बाबतीत ही अडचण बरीच कमी आहे. १८९८ पासून हे बेट अमेरिकेच्या ताब्यात आहे. १९१७ पासून तेथील रहिवासी अमेरिकेचे नागरिक आहेत. चलन डॉलर आहे आणि मुख्य भूमीशी होणाऱ्या व्यापारावर जकात नाही. संघराज्याच्या निगमकराच्या दृष्टीने मात्र ते परदेशासारखेच मानले जाते. त्यामुळे मजुरी आणि कर या दोन घटकांचे कार्य येथे जवळजवळ निर्भेळ स्वरूपात पाहावयास मिळते.

१९२१ च्या एका तरतुदीनुसार अमेरिकेच्या अंकित प्रदेशांत मुख्यतः व्यवसाय करणाऱ्या अमेरिकी कंपन्यांच्या तेथील उत्पन्नावर संघराज्याचा कर लागत नसे. फिलिपाईन्समधील अमेरिकी व्यापाऱ्यांना ब्रिटिशांशी स्पर्धा करता यावी हा तिचा मूळ हेतू होता. या जुन्या तरतुदीचा उपयोग करून घेण्याची कल्पना पोर्तो रिकोचे नेते लुईस मुन्योस मारिन आणि त्यांच्या औद्योगिक विकास यंत्रणेचे प्रमुख तेओदोरो मोस्कोसो यांनी अमलात आणली. १९४७ व १९४८ च्या कायद्यांनी बेटाने आपलाही कर नव्या कारखान्यांना माफ केला. संघराज्याचा कर नाही व बेटाचाही नाही, अशी दुहेरी मुक्तता निर्माण झाली.

पहिल्या कालखंडात शिवलेले कपडे, पादत्राणे व विद्युत उपकरणांचे कारखाने आले. शेकडो कारखाने उघडले, साक्षरता व राहणीमान सुधारले. या यशाचे महत्त्व कमी लेखता येणार नाही. तथापि १९५० ते १९६० या दशकात बेटावरील एकूण रोजगार वाढला नाही, उलट काहीसा घटलाच. उसाची शेती व घरगुती भरतकाम यांतून बाहेर पडलेल्या हातांना सामावून घेण्यास नवे कारखाने अपुरे पडले. त्या एका दशकात साडेचार लाखांच्या आसपास माणसे बेट सोडून मुख्य भूमीवर गेली. कारखाने बेटाकडे येत होते आणि कामगार बेटाकडून जात होते.

पुढे मजुरी वाढत गेली. किमान वेतनाचा संघराज्यीय कायदा बेटावर उद्योगवार समित्यांमार्फत सवलतीने लागू होत असे. १९७७ च्या दुरुस्तीनंतर १९८० च्या दशकाच्या आरंभी तो मुख्य भूमीच्या पातळीवर आला. तोवर आशियातील व इतर कॅरिबियन देशांतील स्वस्त मजुरी स्पर्धेत उतरली होती. करमुक्तता बव्हंशी कायम असूनही मजुरीप्रधान उद्योगांची बेटावरील पकड सैल झाली. कर स्थिर राहिला, मजुरी वाढली आणि नोकऱ्या निसटू लागल्या. वर सांगितलेल्या नियमाचा पहिला अर्धा भाग येथे सिद्ध होतो.

दुसरा अर्धा भाग १९७६ नंतर दिसून आला. त्या वर्षीच्या कायद्यातील कलम ९३६ अन्वये बेटावरील नफा मूळ कंपनीकडे चालू वर्षीच लाभांशाच्या रूपाने नेला तरी त्यावर संघराज्याचा कर पडेनासा झाला. औषधकंपन्यांनी आपली एकस्वे पोर्तो रिकोतील उपकंपन्यांकडे सोपविली. संशोधनाचा खर्च मुख्य भूमीवर दाखवून चढ्या दराच्या करातून वजा करावयाचा आणि त्या संशोधनाचे फळ बेटावर करमुक्त घ्यावयाचे, असा हा प्रकार होता. संघराज्याच्या हिशेबतपासणी कार्यालयाने १९९२ साली केलेल्या परीक्षणानुसार, १९८७ मध्ये औषधकंपन्यांना बेटावरील दर कामगारामागे मिळालेला करलाभ हा त्या कामगाराच्या सरासरी वेतनाच्या अडीचपटीहून अधिक होता. अन्य शब्दांत सांगावयाचे तर, सरकारने त्या कामगारांना स्वतःच्या तिजोरीतून पूर्ण वेतन दिले असते तरीही निम्म्याहून अधिक रक्कम शिल्लक राहिली असती.

१९८२ व १९९३ साली काँग्रेसने ही सवलत आवळली. १९९३ च्या दुरुस्तीत तिचा एक भाग कामगारांच्या वेतनाशी जोडण्यात आला. हे पाऊल योग्य दिशेचे होते. परंतु तीनच वर्षांनी, १९९६ साली, कलम रद्द करण्याचा निर्णय होऊन दहा वर्षांची संक्रमणमुदत देण्यात आली. ती २००५ च्या अखेरीस संपली. २००६ पासून बेटाची अर्थव्यवस्था दीर्घ मंदीत सापडली. १९९० च्या दशकाच्या मध्यास दीड लाखाहून अधिक असलेला कारखानदारीतील रोजगार २०१० च्या दशकाच्या मध्यास पाऊण लाखाच्या आसपास आला. आणि मे २०१७ मध्ये बेटाच्या सरकारला न्यायालयाच्या संरक्षणाखाली कर्जफेडीची पुनर्रचना करावी लागली. या साऱ्याचे खापर एका कलमावर फोडता येत नाही. सरकारी कर्जाचा डोंगर, लोकसंख्येतील घट व घरबांधणीतील मंदी ही कारणेही तितकीच खरी आहेत. शिवाय अनेक औषधकंपन्यांनी आपल्या तेथील शाखांना परदेशी उपकंपनीचे रूप देऊन करस्थगितीचा आश्रय घेतला व त्या तेथेच राहिल्या.

या कथेतील एक धागा मात्र सोप्या निष्कर्षास आडवा येतो. हुआन कार्लोस सुआरेझ सेराटो यांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले की, कलम ९३६ चा लाभ घेणाऱ्या कंपन्यांनी ते रद्द झाल्यावर मुख्य भूमीवरील गुंतवणूक व रोजगारही कमी केले. त्यांच्या दृष्टीने तो नफा केवळ हिशेबातील नव्हता. त्याने त्यांच्या भांडवलाचा एकूण खर्च कमी केला होता. नफ्याचे स्थलांतर व कामाचे स्थलांतर हे भिन्न असले, तरी त्यांच्यात अप्रत्यक्ष दुवा आहे हे यावरून मान्य करावे लागते.

६. मेक्सिको आणि आयर्लंड

पोर्तो रिकोत एकत्र आढळणाऱ्या दोन प्रवृत्तींची स्वतंत्र उदाहरणे मेक्सिको व आयर्लंड यांच्या रूपाने मिळतात.

अमेरिकेत हंगामी मेक्सिकन मजूर नेण्याची योजना १९६४ अखेर बंद पडल्यावर मेक्सिकोने १९६५ साली सीमावर्ती औद्योगिकीकरणाचा कार्यक्रम हाती घेतला. अमेरिकेतून सुटे भाग आणावयाचे, सीमेलगतच्या कारखान्यात ते जुळवावयाचे आणि तयार माल परत पाठवावयाचा, असे या ‘माकिलादोरा’ कारखान्यांचे स्वरूप होते. अमेरिकेच्या १९६३ च्या जकातपत्रकातील एका तरतुदीमुळे परत येणाऱ्या मालावर केवळ बाहेर वाढलेल्या मूल्यापुरतीच जकात पडे. उत्तर अमेरिकी मुक्त व्यापार करार १ जानेवारी १९९४ रोजी अमलात आल्यानंतर या कारखान्यांतील रोजगार झपाट्याने वाढून २००० साली तेरा लाखांच्या घरात गेला. मेक्सिकोचा निगमकराचा सर्वसाधारण दर या काळात ३० टक्क्यांच्या वरच होता. पण असा कारखाना केवळ खर्चाचे केंद्र असून त्याच्या खाती नफा जेमतेम दाखविला जाई. मग कराचा दर काहीही असो, त्याची फारशी फिकीर नसे. नोकऱ्या मेक्सिकोत गेल्या, नफा गेला नाही. २००१ नंतर यांपैकी कित्येक कारखाने चीनकडे वळले, तेही मुख्यतः मजुरीच्याच हिशेबाने. डिसेंबर २००१ मध्ये जागतिक व्यापार संघटनेत दाखल झालेल्या चीनच्या स्पर्धेचा परिणाम ऑटर, डॉर्न व हॅन्सन यांनी २०१३ साली मोजला. १९९० ते २००७ या काळातील अमेरिकी कारखानदारी रोजगाराच्या घटीपैकी सुमारे एकचतुर्थांश घटीचे स्पष्टीकरण चिनी आयातीने होते, असा त्यांचा निष्कर्ष आहे. यातील बराच माल अमेरिकी कंपन्यांच्या स्थलांतरित कारखान्यांतून नव्हे, तर स्वतंत्र चिनी कारखान्यांतून येत असे, आणि त्यांना अमेरिकेच्या करकायद्याचे काहीच सोयरसुतक नव्हते.

आयर्लंडने याच्या उलट मार्ग धरला. १९५६ साली निर्यातीच्या नफ्यावर करसवलत, १९८१ पासून कारखानदारीवर १० टक्के दर आणि २००३ पासून सर्वच व्यापारी नफ्यावर १२.५ टक्के दर, असे सातत्य त्या देशाने राखले. येथे खऱ्या नोकऱ्याही निर्माण झाल्या, हे निःसंशय. परंतु त्यास १९७३ मधील युरोपीय समुदायाचे सदस्यत्व, इंग्रजी जाणणारा सुशिक्षित कामगारवर्ग आणि शिक्षणावरील खर्च यांची जोड होती. केवळ कराने काय होते हे २०१५ साली दिसले. त्या वर्षी आयर्लंडच्या देशांतर्गत उत्पन्नात २६ टक्क्यांची वाढ प्रथम जाहीर झाली. एवढे कारखाने अर्थातच एका वर्षात उभे राहिले नव्हते. काही मोठ्या कंपन्यांनी आपली बौद्धिक मालमत्ता त्या देशाच्या वह्यांत नोंदविली होती. पुढे आयरिश सांख्यिकी खात्यास खऱ्या उत्पन्नाच्या मापनासाठी निराळा निर्देशांक तयार करावा लागला.

व्यापक पाहणीतूनही हेच चित्र निघते. हाइन्स व राइस यांनी १९९४ साली दाखवून दिले की, अमेरिकी कंपन्यांच्या परदेशी नफ्यापैकी जवळजवळ एकतृतीयांश नफा करमुक्त आश्रयस्थानांत नोंदला जात होता. या चिमुकल्या प्रदेशांतील कामगारांची संख्या त्या प्रमाणाच्या जवळपासही नव्हती. टोर्स्लोव्ह, व्हिअर व झुकमन यांच्या गणनेप्रमाणे २०१५ साली जगातील बहुराष्ट्रीय कंपन्यांच्या परदेशी नफ्यापैकी ३६ टक्के नफा अशा ठिकाणी सरकविण्यात आला होता.

७. कायद्यातील फेरबदल आणि त्यांचे फलित

दोन स्थलांतरांतील भेद दुर्लक्षित राहिला म्हणजे काय होते, याचा नमुना म्हणून २००४ चा अमेरिकी कायदा पाहावा. त्याच्या नावातच ‘अमेरिकी नोकऱ्यांची निर्मिती’ असे शब्द होते. परदेशात साठविलेला नफा एका वर्षापुरता ५.२५ टक्के दराने स्वदेशी आणण्याची मुभा त्याने दिली. सवलतीस पात्र असे सुमारे ३१२ अब्ज डॉलर परत आले. धर्मपाल, फोली व फोर्ब्स यांच्या अभ्यासात आढळले की, त्यातील बहुतांश रक्कम भागधारकांच्या हाती गेली. गुंतवणूक वा रोजगार यांत त्यामुळे वाढ झाल्याचे दिसले नाही. नफा परत आला, नोकऱ्या आल्या नाहीत. नोकऱ्या मुळात करामुळे गेल्याच नव्हत्या. मग कर उतरल्याने त्या परतणार कशा?

२०१७ च्या कायद्याने दर ३५ वरून २१ टक्क्यांवर आणला आणि परदेशी उपकंपन्यांच्या नफ्यावर स्थगिती न देता, परंतु १०.५ टक्के अशा अर्ध्या दराने, कर बसविला. त्यात परदेशातील इमारती व यंत्रसामग्रीवरील १० टक्के परतावा करातून वगळण्यात आला होता. नफा पळविण्यास आळा घालण्याच्या भरात, प्रत्यक्ष कारखाना बाहेर बांधणाऱ्यास या वजावटीने काहीसे उत्तेजनच मिळाले, अशी टीका तज्ज्ञांनी केली. २०२५ च्या कायद्याने ही वजावट काढून टाकली आणि २०२६ पासून सुरू होणाऱ्या करवर्षांसाठी दर १२.६ टक्के केला.

आंतरराष्ट्रीय पातळीवर ऑक्टोबर २०२१ मध्ये १३० हून अधिक देशांनी मोठ्या बहुराष्ट्रीय कंपन्यांसाठी १५ टक्के किमान कराचे तत्त्व मान्य केले. जून २०२५ मध्ये सात प्रमुख औद्योगिक राष्ट्रांनी अमेरिकी कंपन्यांना त्यातील महत्त्वाच्या तरतुदींतून वगळण्यास संमती दिल्यामुळे त्याचे भवितव्य पूर्वीइतके निश्चित राहिलेले नाही. परंतु या योजनेतील एक बाब अभ्यासकांनी विशेष ध्यानात घ्यावी अशी आहे : एखाद्या देशात कंपनी जितके वेतन देते व जितकी मूर्त मालमत्ता बाळगते, त्याच्या ठराविक प्रमाणातील नफा किमान करातून वगळला जातो. ज्या नफ्यामागे खरोखर माणसे व यंत्रे उभी आहेत तो, आणि ज्यामागे केवळ कागद आहे तो, यांत कायद्यानेच येथे भेद केला आहे.

८. निष्कर्ष

येथवरच्या विवेचनावरून कर निष्प्रभ आहे असा अर्थ काढणे चुकीचे ठरेल. डी मोई व एडरव्हेन यांनी २००३ साली अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. त्यात यजमान देशाच्या करदरात एका टक्क्याच्या अंतराने होणारी घट परकीय गुंतवणूक सुमारे ३.३ टक्क्यांनी वाढविते, असा मध्यम अंदाज आढळला. पण गुंतवणूक म्हणजे नोकऱ्या नव्हेत. तसेच परदेशी विस्तार म्हणजे स्वदेशी संकोच असाही नियम नाही. देसाई, फोली व हाइन्स यांच्या २००९ च्या अभ्यासात, परदेशी गुंतवणूक १० टक्क्यांनी वाढविणाऱ्या अमेरिकी कंपन्यांची स्वदेशी गुंतवणूकही २.६ टक्क्यांनी वाढल्याचे दिसते. हे कंपनीच्या दृष्टीने खरे असले, तरी गावाच्या दृष्टीने ते पुरेसे नाही. कंपनीचे काम एकंदरीत वाढले म्हणून नॅशुआतील गिरणीकामगाराचे काम परत येत नाही. त्याच्या हिताचा विचार करसवलतींपेक्षा पर्यायी रोजगार, प्रशिक्षण व सामाजिक सुरक्षितता यांच्या योजनेतूनच होऊ शकतो.

कारखाने आपल्याकडे ओढू पाहणाऱ्या देशांनाही यातून बोध घेण्यासारखा आहे. भारताने १९६५ साली कांडला येथे आणि १९७३ साली मुंबईत सांताक्रूझ येथे निर्यातीसाठी खास क्षेत्रे उभारली. २०१९ साली निगमकराचा दर २२ टक्क्यांवर आणि ३१ मार्च २०२४ पर्यंत उत्पादन सुरू करणाऱ्या नव्या कारखान्यांसाठी १५ टक्क्यांवर आणला. अशा सवलतीचे मूल्यमापन किती भांडवल आले एवढ्यावरून करणे अपुरे आहे. बुडालेल्या कराच्या दर रुपयामागे किती माणसांना किती वेतनाचे काम मिळाले, आणि सवलत संपल्यावर त्यातील किती टिकले, ही खरी कसोटी होय. पोर्तो रिकोच्या बाबतीत ही कसोटी लावली गेली नाही असे नाही. पण १९९३ साली ती लागेपर्यंत पंचेचाळीस वर्षे उलटून गेली होती.